बारा बाय पंधरा फुटांचे चित्रपटगृह: पुण्यातील एका उभारणी सेवेचे परीक्षण

होम थिएटरच्या दुकानात पाऊल टाकले की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न बजेटचा असतो आणि दुसरा पडद्याच्या इंचांचा. खोली किती लांब, किती रुंद, छत किती उंच, भिंती कशाच्या, खिडकी कोणत्या दिशेला आणि शेजारी कोण राहते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. या परीक्षणाचा विषय असलेल्या सेवेने नेमकी तिथूनच सुरुवात केली आणि माझ्या मते तिचे सर्वात मोठे मोल त्यातच आहे. ही पुण्यातील एक छोटी चमू आहे. ती सदनिकेतील एक खोली ताब्यात घेऊन सुतारकाम, वायरिंग, ध्वनिशोषक पॅनेल, यंत्रांची निवड आणि शेवटची जुळवणी असे सगळे काम एकहाती करते. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे मी तिचे नाव देत नाही. असे काम करून घेताना काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे अडून बसावे, हे वाचकाला कळले तर नावापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

खोली बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच. पुण्यातल्या अनेक सदनिकांमधील तिसरे शयनगृह साधारण याच मापाचे असते. चमूने पहिल्या भेटीत लेझरने मापे घेतली, रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकला आणि मग आम्ही घरी काय पाहतो ते विचारले. आमच्या घरी प्रभातच्या काळातील कृष्णधवल चित्रपट आजही आवडीने पाहिले जातात. त्यांचा आवाज मुळात एकाच वाहिनीचा, चित्र जवळजवळ चौकोनी आणि संवादांची ध्वनिमुद्रणे काळाने झिजलेली. नवे चित्रपट डॉल्बी ॲटमॉसमध्ये, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीत, येतात आणि भव्य आवाजाने साध्या खोलीलाही तात्पुरती झळाळी देतात, पण जुन्या मराठी चित्रपटातील हळू आवाजातले वाक्य आवाज न वाढवता शेवटच्या अक्षरापर्यंत कळते का, ही खोलीची खरी परीक्षा आहे. मी ही कसोटी आधीच सांगितली होती आणि चमूने ती गांभीर्याने घेतली, हे आवर्जून नोंदवतो.

पडद्याचा आकार आणि बसण्याची जागा हे दोन निर्णय एकत्रच घ्यावे लागतात. सिनेमा आणि टेलिव्हिजन अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेच्या शिफारशीनुसार पडद्याने प्रेक्षकाच्या नजरेत किमान ३० अंशांचा कोन व्यापावा, तर चित्रपटगृहांच्या चित्र-आवाजाची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सच्या मते हा कोन ४० अंशांच्या आसपास असावा. १६:९ प्रमाणाचा १०० इंची पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो. त्याच्यापासून दहा फुटांवर बसले की कोन जवळजवळ नेमका ४० अंश होतो. मला १२० इंची पडद्याचा मोह होता, परंतु तो घेतल्यास तोच कोन राखायला सोफा मागच्या भिंतीकडे सरकवावा लागला असता आणि भिंतीलगतच्या डोक्याजवळ खर्जाचा आवाज फुगतो, संवाद गढूळ होतात. चमूने कागदावर आकृती काढून हे समजावले आणि मी १०० इंचांवर समाधान मानले. आज सोफ्याच्या मागे पाच फूट जागा मोकळी आहे. घरातल्या काही मंडळींना ती वाया गेल्यासारखी वाटते, पण मागच्या स्पीकरांचा आवाज कानाशी न चिकटता पसरून येतो तो त्याच मोकळ्या जागेमुळे. पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवली आहे, त्यामुळे बसल्यावर डोळ्यांची पातळी पडद्याच्या खालच्या तृतीयांशात येते आणि दीर्घ चित्रपटातही मान अवघडत नाही.

प्रोजेक्टर म्हणून एप्सनचा ईएच-टीडब्ल्यू७००० निवडला. यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र एलसीडी पटले आहेत. रंग आळीपाळीने दाखवणारे फिरते रंगचक्र नसल्यामुळे, एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये काही जणांना जाणवणारी इंद्रधनुषी रेषांची झाक इथे दिसत नाही. मात्र त्याची पटले मुळात १९२० बाय १०८० बिंदूंची आहेत आणि ते बिंदू वेगाने तिरके सरकवून ४केसारखे, म्हणजे चौपट बिंदूंच्या चित्रासारखे, चित्र तयार केले जाते. ते पूर्ण अर्थाने ४के नव्हे. हे चमूने आपणहून सांगितले, आणि दहा फुटांवरून १०० इंची पडद्यावर चित्र पुरेसे रेखीव दिसत असल्यामुळे मला ती उणीव वाटत नाही.

या प्रोजेक्टरच्या जागेबद्दल जे घडले ते अनेकांच्या उपयोगी पडेल. माझ्या मनात तो छताला टांगण्याचे होते. त्याचे भिंग उभ्या दिशेने ६० टक्के सरकते, म्हणजे भिंगाचा मध्य पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा चित्राच्या उंचीच्या फार तर दहा टक्के, आमच्या बाबतीत सुमारे १२ सेंटिमीटर, वर असू शकतो. आमच्या पडद्याची वरची कड साडेसहा फुटांवर आणि छत साडेनऊ फुटांवर आहे. छतालगत टांगला असता तर चित्राचा चौकोन तिरका झाला असता आणि तो सरळ करण्यासाठी कीस्टोन वापरावा लागला असता. कीस्टोन म्हणजे चित्र यंत्राच्या आतच कापून-ताणून बसवणे. त्यात बिंदू वाया जातात आणि बारीक तपशील मऊ होतो. चमूने मागच्या भिंतीवर, भिंग सात फुटांच्या आत राहील अशा उंचीला, एक भक्कम फळी बसवली आणि प्रोजेक्टर तिच्यावर ठेवला. भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर साधारण ४.१ मीटर आहे. या पडद्यासाठी सुमारे २.९ ते ४.७ मीटर अंतर चालते, त्यामुळे ते सहज बसले. कीस्टोन शून्यावर आहे.

उजेडाच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. या प्रोजेक्टरच्या प्रकाशाचा ३००० ल्युमेन हा आकडा ऐकून लोक प्रभावित होतात. प्रत्यक्षात अंधाऱ्या खोलीत एवढ्या प्रकाशाची गरजच नसते. चित्रपटगृहांसाठीचे पडद्याच्या तेजाचे मान्य प्रमाण ४८ कँडेला प्रति चौरस मीटर आहे. आमच्या पडद्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर आहे, आणि रंग अचूक ठेवणाऱ्या मोडमध्ये प्रोजेक्टरचा निम्माच प्रकाश उरला असे धरले, तरी तो या प्रमाणाच्या तिपटीहून जास्त भरतो. म्हणून आम्ही दिवा इकॉनॉमी मोडवरच ठेवतो. कंपनीच्या आकड्यांनुसार दिव्याचे आयुष्य त्यामुळे ३५०० तासांवरून ५००० तासांपर्यंत वाढते आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

खरी अडचण काळ्या रंगाची असते. पडद्यावरून परतणारा प्रकाश पांढऱ्या पीओपीवर आणि फिक्या भिंतींवर आदळतो, तिथून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी करून टाकतो. कितीही महाग प्रोजेक्टर आणला तरी पांढऱ्या खोलीत हे टळत नाही. पडद्याची भिंत, तिच्यालगतचे सहा फूट छत आणि बाजूच्या भिंतींचा पुढचा भाग गडद राखाडी मॅट रंगात रंगवावा, असा चमूचा आग्रह होता. घरात यावर बरीच चर्चा झाली, कारण दिवसा ही खोली उदास दिसेल अशी भीती होती. रंग दिल्यावर जो फरक पडला, तो एका प्रोजेक्टरऐवजी दुसरा घेतला असता तरी इतका पडला नसता, असे मी ठामपणे म्हणेन. रात्रीच्या दृश्यांतील कंदिलाचा उजेड आणि त्याभोवतीचा काळोख आता वेगवेगळे दिसतात. सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद चित्राच्या, चित्रपटांत आमच्या पडद्यावर वर-खाली प्रत्येकी सुमारे १६ सेंटिमीटरच्या रिकाम्या पट्ट्या उरतात. त्या झाकण्यासाठी काळ्या मखमलीच्या दोन काढता-घालता येणाऱ्या पट्ट्या शिवून घेतल्या. खर्च नगण्य, परिणाम मोठा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या, चित्रांबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवावी. ती बहुधा १००० कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून अधिक तेजासाठी तयार केलेली असतात आणि घरगुती प्रोजेक्टर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. ज्यांना तो लखलखाट हवा असेल त्यांनी मोठा ओएलईडी टीव्ही घ्यावा.

आता आवाज. मांडणी ५.१.२ अशी आहे, म्हणजे पुढे तीन, बाजूला दोन (यांना सराउंड म्हणतात), छतात दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. स्पीकरांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर डेनॉनचा एव्हीआर-एक्स२८००एच. त्याचे सात ॲम्प्लिफायर या मांडणीला नेमके पुरतात. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरांत आले. तेव्हापासून छतात चार किंवा सहा स्पीकर बसवून घेण्याचा हौशी लोकांत आग्रह दिसतो. एकाच ओळीतला सोफा आणि साडेनऊ फुटांचे छत असेल तर दोन पुरेसे आहेत, असे चमूने सांगितले आणि वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर, म्हणजे सेंटरवर, खर्च करायला लावले. हा सल्ला मला सर्वाधिक पटला. चित्रपटातील बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात, आणि तरीही अनेक तयार संचांत तोच सर्वात दुबळा असतो. आमचा सेंटर पडद्याच्या खाली, किंचित वर तोंड करून ठेवला आहे. डावा-उजवा स्पीकर मध्यरेषेपासून साधारण ३० अंशांवर आणि सराउंड बसणाऱ्याच्या कानांच्या थोडे मागे, कानांपेक्षा जरा उंच आहेत.

जुन्या एकवाहिनी चित्रपटांसाठी एक सूचना करतो. त्यांचा आवाज रिसीव्हरच्या कृपेने सर्व स्पीकरांत पसरवू नये. तो केवळ सेंटरमधून ऐकावा. पसरवलेल्या आवाजात श, ष, च, झ यांच्या कडा बोथट होतात, तर एकाच ठिकाणाहून आलेला आवाज पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो आणि जुन्या ध्वनिफितीची खरखरही कमी जाणवते.

यंत्रांइतकेच, किंबहुना अधिक, काम खोलीच्या भिंतींनी केले आहे. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सबाईन यांच्या सूत्राने एखाद्या खोलीत आवाज विरायला किती वेळ लागतो, याचा अंदाज काढता येतो. आमच्या खोलीचे घनफळ सुमारे ४८ घनमीटर आहे आणि हा काळ एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास आणायचा, तर जवळपास २३ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण हवे. गालिचा, कापडी सोफा, जाड पडदे आणि बसलेली माणसे यांतून काही भाग मिळतो, उरलेल्यासाठी लाकडी चौकटीत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरून वर कापड ताणलेली पॅनेल लावावी लागतात. बाजारात मिळणारे अंड्यांच्या ट्रेसारखे पातळ फोम चिकटवून हे साधत नाही. ते केवळ वरच्या पट्टीतले आवाज खातात, त्यामुळे खोली कोंदट वाटते आणि खर्ज तसाच घुमत राहतो.

माझी पहिली मोठी तक्रार इथेच आहे. बाजूच्या भिंतींवर आलेली पॅनेल दिसायला देखणी होती, परंतु त्यांच्यावर रेक्झिनसारखे, हवा आरपार न जाणारे कापड लावलेले होते. अशा आवरणावर व्यंजनांच्या पट्टीतला आवाज आत शिरण्याऐवजी मोठ्या प्रमाणात परतून येतो, म्हणजे पॅनेल लावण्याचा हेतूच फसतो. कापडाला तोंड लावून फुंकर मारून पाहावी. हवा पलीकडे गेली तर कापड योग्य. चमूच्या प्रमुखाने चूक मान्य करून कापड बदलून दिले, पण त्यात बराच काळ गेला आणि सुतार दुसऱ्या कामावर निघून गेल्यामुळे अर्धवट खोलीत पाहुण्यांची सोय करण्याची वेळ आमच्यावर आली. कापडाचा नमुना आगाऊ हातात घेऊन पाहण्याची अट करारातच घालावी.

खर्जाची जुळवणी हा या सेवेचा सर्वात समाधानकारक भाग ठरला. प्रत्येक आयताकृती खोली तिच्या लांबी-रुंदीनुसार ठरावीक स्वर वाढवते किंवा गिळते. आमच्या खोलीत हे स्वर लांबीमुळे सुमारे ३७ हर्ट्झ, रुंदीमुळे ४७ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झच्या आसपास येतात. सबवूफर कुठे ठेवायचा हे म्हणूनच डोळ्यांनी ठरवता येत नाही. चमूने तो तात्पुरता सोफ्यावर, माझ्या बसण्याच्या जागी ठेवला, एक संथ खर्जाचा तुकडा चालू केला आणि मला भिंतींच्या कडेने वाकून फिरत कुठे आवाज सर्वात समतोल वाटतो ते ऐकायला लावले. ती जागा पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात नव्हे, तर उजव्या भिंतीच्या मध्याजवळ निघाली. मग मोजमापाच्या मायक्रोफोनने तिची खातरजमा झाली. तबल्याचा बायाँ आणि मृदंगाची थाप आता एकाच ठिकाणी, घट्ट उमटते.

स्वयंचलित जुळवणीसाठी या रिसीव्हरमध्ये ऑडिसी मल्टीईक्यू एक्सटी ही प्रणाली आहे आणि ती आठ जागांवर मोजमाप घेऊ शकते. पहिल्या वेळी चमूतील तरुण तंत्रज्ञाने मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर टेकवून, एसी चालू असताना घाईत मोजणी उरकली. परिणामी सराउंड अवाजवी मोठे झाले आणि संवाद मागे पडले. दुसऱ्या वेळी तिपाई, बंद एसी, बंद खिडकी आणि कानाच्या उंचीवर मायक्रोफोन अशी शिस्त पाळल्यावर तेच यंत्र वेगळेच वाटू लागले. अशा मोजणीनंतर पुष्कळदा पुढचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे सगळा खर्ज स्वतः पेलणारे, ठरवले जातात. ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झखालचा भार सबवूफरवर सोपवावा, हे बहुतेक घरांसाठी योग्य ठरते. कमी आवाजात पाहताना खर्ज आणि सराउंड क्षीण होतात, ते भरून काढण्यासाठी डायनॅमिक ईक्यू ही सोय चालू ठेवावी. जुने एकवाहिनी चित्रपट पाहताना मात्र मी ती बंद करतो.

ध्वनिशोषण आणि ध्वनिरोधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेते त्यांची सर्रास गल्लत करतात. पॅनेलमुळे खोलीतला आवाज सुधारतो, पण शेजाऱ्याकडे जाणारा आवाज त्याने फारसा थांबत नाही. त्यासाठी वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. आमच्याकडे पोकळ दार काढून भरीव दार बसवले, चौकटीला रबरी पट्ट्या आणि दाराखाली दार लावताच खाली उतरणारी पट्टी लावली, खिडकीला आतून दुसरी जाड काच दिली. एवढ्याने बोलण्याचा आवाज बाहेर ऐकू येईनासा झाला. खर्ज मात्र स्लॅबमधून खाली जातोच आणि चमूने तसे स्पष्ट सांगितले होते. खोलीच्या आत वेगळी, न टेकणारी दुसरी खोली उभारल्याशिवाय तो थांबत नाही आणि सदनिकेत त्यासाठी जागाही नसते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीची वेळ १० ते सकाळी ६ अशी आहे आणि निवासी भागासाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आम्ही रात्री दहानंतर सबवूफर बंदच ठेवतो. खालच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते आणि त्यांची झोप कोणत्याही चित्रपटापेक्षा महत्त्वाची आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. सर्व यंत्रांसाठी स्वतंत्र एमसीबी आणि एकच अर्थिंग दिल्यामुळे स्पीकरांत गुणगुण नाही. रिसीव्हर पुढे आणि प्रोजेक्टर मागे असल्यामुळे एचडीएमआय केबल लांब लागली. तांब्याची साधी केबल एवढ्या लांबीला ४के संकेत भरवशाने नेत नाही, म्हणून ऑप्टिकल केबल टाकली. ती एकाच दिशेने चालते, त्यामुळे भिंतीत जाण्यापूर्वी तिची टोके तपासावीत. केबल साध्या झिरीत न पुरता रुंद पाइपमधून नेली आहे, म्हणजे उद्या बदलता येईल. परंतु हे पाइप भिंतीत नेमके कुठून गेले आहेत, याचा नकाशा चमूने वारंवार मागूनही दिलेला नाही, ही माझी दुसरी तक्रार आहे. एखादा खिळा ठोकतानाही आता विचार करावा लागतो. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मोजपट्टी लावून स्वतः काढून ठेवावे.

एकूण खर्चातील सुमारे दोन पंचमांश भाग खोलीवर, म्हणजे रंग, पॅनेल, दार, खिडकी, वीज आणि सुतारकामावर गेला, आणि उरलेला यंत्रांवर. बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यंत्रे स्वतः आणली असती तर काही रक्कम वाचली असती, पण मग जुळवणीची जबाबदारी कोणाचीच राहिली नसती. ज्यांना मोजमापाची आवड आहे आणि सुतार-इलेक्ट्रिशियन हाताशी आहेत, त्यांनी यंत्रे बाजारातून घ्यावीत आणि अशा चमूकडून केवळ आराखडा व अखेरची जुळवणी एवढेच काम करून घ्यावे. ही चमू तसे स्वतंत्र कामही घेते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र भिंतींना हात न लावता जाड पडदे, गालिचा, चांगला सेंटर आणि योग्य जागी ठेवलेला सोफा यांवर भर द्यावा. चमूला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण वेळापत्रकाच्या ढिलाईसाठी आणि त्या न मिळालेल्या नकाशासाठी कापला आहे.